शुक्रवारचा नंबर

मागच्या महिन्यात लेकीचा पुण्याहून फोन आला तो तणतणतच. तिनं व्हीपीएन नावाची कुठलीशी सेवा घेतली होती. आपण इंटरनेटवर काय बघतो, कुणाशी काय बोलतो हे मधल्या कुणाला दिसू नये, म्हणून पैसे भरून घ्यायची ती खासगी वाट, असं तिनं मला समजावून सांगितलं. पैसे भरले, वाट मिळाली, आणि महिना संपायच्या आतच तिकडून निरोप आला, की तुमचा डेटा संपत आलाय. फुकट वापरणाऱ्यांना मर्यादा घातली तर ती समजू शकत होती, पण पैसे घेऊन वर मर्यादा घालायची म्हणजे काय? हे चालतं का, असं तिनं मलाच विचारलं, जणू ती कंपनी मीच काढली होती.

मला हसू आलं. लेक माझ्यावर गेली आहे. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि तो गिळायची सवय नाही. हाच प्रश्न आमच्या मलकापूरच्या घरात, पुढच्या सोप्यात बसून, नव्वदचं दशक संपता संपता घासून घासून गुळगुळीत झाला होता. त्यावरून मी सासऱ्यांशी भांडले होते. सुनेनं सासऱ्यांशी भांडायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी ती पाडली.

तेव्हा मलकापूर आणि कराडच्या मधे उसाचे फड अजून शिल्लक होते आणि त्यातले काही आमचे होते. घरात आम्ही चौघं. सासरे, त्यांना मी मामा म्हणायची. सासूबाई म्हणजे आत्या. धाकटे दीर कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होते, ते भाऊजी. आणि साताऱ्याहून लग्न होऊन आलेली मी. हे मस्कतला एका बांधकाम कंपनीत होते. लग्नानंतर पाच-सहा महिन्यांत गेले, दोन वर्षांचा करार करून. नवरा कसा आहे हे कळायला लागलं होतं, तेवढ्यात तो विमानात बसला.

कॉम्प्युटर आणला भाऊजींच्या अभ्यासासाठी, पण तो ठेवला सोप्यात, कारण फोन सोप्यात होता. आत्यांनी त्याला आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरला. चपला बाहेर काढल्याशिवाय कुणी त्याच्याजवळ फिरकायचं नाही असा नियम होता. भाऊजींनी सगळ्यांना समजावलं, की इंटरनेटचं शंभर तासांचं पाकीट मिळतं, तेवढे तास संपले की बंद. फोन लावला की कॉम्प्युटर कर्कश्श ओरडायचा, पाच-सहा वेळा ओरडला की एकदा कधीतरी जोडला जायचा. आत्या आतून विचारायच्या, "लागलं का वं ते?"

ह्यांचा मस्कतमधला एक मित्र घरी कॉम्प्युटर बाळगून होता. शुक्रवारी ह्यांना सुट्टी. दुपारी हे मित्राकडे जायचे आणि आम्ही इकडून बसायचो. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचं, की पलीकडे लगेच दिसायचं. मला टायपिंग येत होतं, म्हणून खुर्चीवर मी. माझ्या उजवीकडे मामा, डावीकडे आत्या, मागे भाऊजी. मी पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि हे तिघं सांगतील ते टाइप करायचं. जेवलास का, ऊन लय हाय का, डाळ मिळती का. शेवटी हे विचारायचे, तू कशी आहेस? मी टाइप करायची, बरी आहे. एकदा ह्यांनी काहीतरी भलतंच लिहिलं, आज इतक्या वर्षांनीही इथं लिहिणार नाही असं. तिघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी वाचून दाखवलं, "इकडं उकडतंय फार." भाऊजींना इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. ते खोकत उठले आणि पाणी प्यायला गेले.

पत्राचंही तेच. एकाच कागदावर सगळ्यांनी लिहायचं, आणि ह्यांचं आलं की सोप्यात मोठ्यानं वाचायचं. घरातल्या माणसांपासून काय लपवायचं, असा सगळ्यांचा भाबडा हिशेब होता. त्यात कुणाचा वाकडा हेतू नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. राग यायचा तो येतच होता.

आता मामांबद्दल सांगायला हवं. नदीवरून उसाला पाणी आणणारी आमच्याकडे एक सहकारी संस्था होती. तिच्या पाणीवाटपाचं काम मामा कितीतरी वर्षं बघत आले होते. पाणीपट्टी सगळेच भरायचे, पण पाणी पाळीनं आणि तासांवर. त्यांचे नियम गावात पाठ होते. चारीच्या, म्हणजे पाण्याच्या पाटाच्या, शेवटाला ज्याचं वावर, त्याला पाणी आधी, कारण वरचे आधी घ्यायला लागले तर खालच्यापर्यंत काही उरत नाही. पाळी सुरू झाली की मोटर मधे बंद करायची नाही, कारण चारी एकदा वाळली की ती पुन्हा भिजण्यातच अर्धं पाणी जातं. आणि दुसऱ्याच्या नंबरात पाणी ओढलं तर ती चोरी, मग तो सख्खा भाऊ का असेना. मामांनी आपल्या चुलतभावाला भर बैठकीत दंड लावला होता. तो चुलतभाऊ पुढं वर्षभर आमच्या दारावरून मान फिरवून जायचा.

शंभर तास म्हटल्यावर मामांच्या अंगातला पाणीवाटप्या जागा झाला. त्यांनी घरात नंबर लावले, रोज एकाचा, ठरावीक वेळ. भाऊजींना अभ्यासाला चार दिवस, मामांना एक, आत्यांना एक, शुक्रवार माझा. भाऊजी आणि मी चिडलो. आम्ही म्हणालो, पाकिटाचे पैसे भरलेत ना, मग मर्यादा कशाला हवी? कंपनीनं मोजून द्यायचं आणि वर तुम्ही घरात मोजून वाटायचं. मामा तंबाखू मळत म्हणाले, "पाणीपट्टी समदीच भरत्यात. म्हणून नदी काय एकट्याच्या वावरात सोडायची व्हय?" भाऊजी म्हणाले, की फोनच्या तारेतून नदी येत नाही. मामांना ते पटलं नाही.

खरी गंमत पुढं झाली. एकदा जोडणी झाली की मामा ती मधे तोडू देईनात. नंबर संपेपर्यंत चालूच. मोटरीचा नियम त्यांनी जसाच्या तसा इथं आणला होता, आणि इतक्या वेळा ओरडून एकदा जोडली जाणारी ती लाइन बघितली, की मलाही त्यात तथ्य वाटायचं. त्यामुळं मामांच्या नंबरात भाऊजी त्यांना एका ट्रॅक्टरचा फोटो उघडून द्यायचे. तो वरून खाली रेषारेषानं उतरायचा. आधी आभाळ, मग धुराडं, मग बॉनेट. चाकं यायच्या आत मामांचा चहा व्हायचा. ट्रॅक्टर पुरा आला, की उरलेला वेळ मामा त्याच्याकडं बघत बसायचे, आणि पाकिटातले तास जात राहायचे. आत्यांच्या नंबरात देवीचा फोटो. मुकुट दिसला की आत्या हात जोडायच्या आणि पाय दिसेपर्यंत सोडायच्या नाहीत. तास वाया जातायत हे भाऊजींनी दोनदा समजावलं. मामा म्हणाले, मधे बंद केलं तर जास्त वाया जाईल. शेताला दारं धरून पाणी पाजणारा माणूस दुसरं काय म्हणणार?

अशात एका शुक्रवारी ह्यांनी कळवलं, की करार संपत आलाय, कंपनी आणखी दोन वर्षं थांबा म्हणते, सही उद्या नव्हे, पुढच्या शनिवारी करायची आहे. मी वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "तुजं तू ठरव म्हनावं." आत्यांनी डोळ्याला पदर लावला, पण बोलल्या नाहीत. मी मामांचं वाक्य टाइप केलं. पडद्यावर उमटलं, तिला विचारा.

मी ते वाचून दाखवलं आणि तिघांनी माझ्याकडं बघितलं. वाईट नजरेनं नव्हे, अगदी मायेनं. पण बघितलं. मला म्हणायचं होतं, की सही करू नका, परत या, मला हे असं तुमच्या नावाचं कुंकू लावून सोप्यात बसणं नको झालंय. मी टाइप केलं, तुम्ही म्हणाल तसं. ते वाक्य पलीकडे गेलं आणि मला वाटलं, आता हात आत घालून ते ओढून बाहेर काढावं. ह्यांनी लिहिलं, बरं. लाइन नंबर संपेपर्यंत चालू राहिली, आणि आम्ही कुणीच काही टाइप केलं नाही.

पुढच्या शुक्रवारी बोलून घेईन असं मी ठरवलं. कसं, ते ठरत नव्हतं. त्यात मंगळवारी भाऊजींनी बघितलं तर पाकिटात जेमतेम एका बैठकीपुरता वेळ उरला होता. ट्रॅक्टर आणि देवी आमचं पाकीट पिऊन बसले होते. मी भाऊजींवर उखडले, भाऊजी मामांवर, मामा कॉम्प्युटरवर. कराडच्या दुकानात नवं पाकीट नव्हतं, सांगलीत मिळेल म्हणाले. मामांची हळद त्याच आठवड्यात सांगलीच्या बाजारात सौद्याला लागायची होती. कॉम्प्युटरचं आपल्याला कळत नाही म्हणून मामांनी मला बरोबर घेतलं. लग्नानंतर सासऱ्यांबरोबर एकटीनं प्रवास करायची माझी ती पहिलीच वेळ.

हळदीचा सौदा बरा झाला. मामांचे कपडे, हात, मिशा पिवळ्या झाल्या होत्या. आम्ही रिक्षानं कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तिथला माणूस म्हणाला, पाकिटं पुढच्या आठवड्यात येतील. मी त्याच्याशीही वाद घातला. मामांनी मला हातानं थांबवलं आणि बाहेर आणलं. वाटेत त्यांनी भडंग घेतलं, आणि आम्ही कृष्णेच्या घाटावर पायऱ्यांवर जाऊन बसलो. नदी संथ होती. पलीकडच्या काठाला एक बाई घमेल्यात भांडी घासत होती. मामा म्हणाले, की एवढं काय तोंड पाडलंस, पाकीट मिळंल पुढच्या आठवड्यात.

मग मी बोलले. भडंगाची पुडी मांडीवर तशीच होती.

"मामा, शुक्रवारचा नंबर कुणाचा हाय?"

"तुजा."

"माझा हाय, तर मग त्यात आजपर्यंत मी काय बोलले, सांगा. ऊन किती, डाळ मिळती का. ते माझं बोलणं न्हाई. नंबर माझ्या नावावर आणि पाणी समदं घर ओढतंय. तुमच्या संस्थेत ह्याला काय म्हणत्यात?"

मी मनात म्हटलं, झालं, आता ह्या बाईला साताऱ्याला नेऊन सोडतात. मामांनी पिवळे तळवे एकमेकांवर घासले, पण हळद निघत नव्हती.

"चोरी म्हनत्यात," ते म्हणाले.

एवढंच. मी आणखी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं, ते सगळं तसंच राहिलं. मर्यादा मला टोचत नव्हती, हे मला तिथं पायरीवर बसल्या बसल्या कळलं. मी इतके दिवस उगीच तासांच्या नावानं बोटं मोडत होते. हजार तास असते तरी मी हजार तास हेच लिहिलं असतं, बरी आहे. परतीच्या एसटीत मामा खिडकीजवळ बसून झोपले, किंवा झोपल्याचं दाखवलं.

शुक्रवार उजाडला. जेवणं झाली. आत्यांनी लुगड्याचा तुकडा काढून घडी केली आणि आपला पाट ओढून कॉम्प्युटरजवळ बसायच्या बेतात होत्या. मामा म्हणाले, की चल, फडाकडं जाऊन येऊ. आत्यांना कळेना. शुक्रवारी, ह्या वेळेला, पोराशी बोलायचं सोडून फड? मामा म्हणाले, "शेवटाला हाय ती. तिला आदी पानी." आत्यांचं तोंड उतरलं, आणि मला फार वाईट वाटलं, कारण हातातलं पाकीट संपत होतं आणि मुलगा त्यांचाही होता. मी म्हणणार होते की बसा. मी म्हणाले नाही. आत्यांनी पायात चपला घातल्या आणि उंबऱ्यातून वळून म्हणाल्या, "म्हनावं, आई बरी हाय." भाऊजींनी लाइन जोडून दिली, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि तेही त्यांच्यामागं गेले. प्रोजेक्टसाठी त्यांनाही तो वेळ हवा होता, पण त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही.

मामा मात्र फडाकडं गेले नाहीत. दार बाहेरून ओढून घेताना ते म्हणाले, की सुरू झाल्यावर मधे बंद करू नगंस. मग दारापुढच्या कट्ट्यावर, दाराकडं पाठ करून बसले. कुणी शेजारी पाजारी आलं तर त्यांचा आवाज यायचा, की घरात न्हाईत कुनी, मागनं या.

पडद्यावर ह्यांचं आलं, सगळे आहेत का?

मी टाइप केलं, कुणी नाही. मी एकटी आहे.

पलीकडून आलं, खरंच? मी लिहिलं, खरंच. आणि त्यांनी काही विचारायच्या आत लिहून टाकलं, की सही करू नका, परत या, मला तुम्ही इथं हवे आहात. तीन वाक्यं. अक्षरं दोन-चार ठिकाणी चुकली होती, ती दुरुस्त न करताच पाठवली.

ह्यांचं उत्तर तुकड्यातुकड्यांनी आलं. मागच्या शुक्रवारी 'तिला विचारा' लिहिलं ते मुद्दामच. त्यांना स्वतःला परत यायचं होतं, पण वडील वाचणार म्हणून लिहिता येत नव्हतं. तिकडं जमलं नाही म्हणून पळून आला, असं मामांना वाटेल ही भीती. म्हटलं, ती तरी ये म्हणेल. आणि मी लिहिलं, तुम्ही म्हणाल तसं. तेव्हा ह्यांना वाटलं, माझ्यावाचून हिचं काही अडत नाही. आठवडाभर हे तिकडं आणि मी इकडं, एकमेकांचं एकच वाक्य उगाळत बसलो होतो. उद्या ह्यांनी सही केली असती, आणि दोघांनाही वाटलं असतं की दुसऱ्याला तसंच हवं होतं. हे वाचून मी रडले. एकटी होते, म्हणून चांगली मोकळी रडले.

मग हे म्हणाले, सही करत नाही. ठरलं.

काम झालं होतं. लाइन तोडून उरलेला वेळ आत्यांसाठी ठेवता आला असता, पण ती पुन्हा जोडली गेली असती की नाही कोण जाणे. आणि खरं सांगायचं तर माझं मन होईना. मामांचा नियम पहिल्यांदाच माझ्या सोयीचा होता. मी ह्यांना आत्यांचा निरोप दिला, सांगलीची सगळी हकीकत लिहिली, मामांच्या पिवळ्या मिशांसकट. हे तिकडं इतके हसले म्हणे की मित्र आतून बघायला आला. मग ह्यांनी विचारलं, मी केस अजून लांबच ठेवलेत का, आणि मी विचारलं, मुक्कामाच्या खोलीतून समुद्र दिसतो का. जवळजवळ दोन वर्षांत हे एकमेकांना विचारायचं राहून गेलं होतं. काही वेळा दोघंही काहीच टाइप करत नव्हतो. पलीकडे माणूस आहे एवढं माहीत असणं पुरे होतं. एक अक्षरही न लिहिता तास जात होते आणि त्यातला एकही क्षण मला वाया गेल्यासारखा वाटत नव्हता. ट्रॅक्टर पुरा आल्यावरही मामा त्याच्यासमोर का बसून राहायचे, ते मला थोडंसं समजलं.

लेकीला मी फोनवर हेच सांगितलं, की मर्यादेवरून भांडायचं तर जरूर भांड, पैसे दिलेत तर किती मिळणार ते त्यांनी आधी स्वच्छ सांगायला हवं. पण तेवढ्यापायी सोडू नकोस. थोडं असलं तरी ते एकटीचं आहे का, एवढं बघ. ती म्हणाली, आई, विषय डेटाचा चाललाय. मी म्हटलं, माझाही तोच चाललाय.

त्या दुपारी ह्यांचं एक वाक्य अर्धवट आलं आणि पडदा थांबला. पाकीट संपलं होतं. मी तोंड धुतलं, पदर सारखा केला आणि दार उघडलं. मामा कट्ट्यावर तसेच पाठमोरे बसले होते. ऊन त्यांच्या मांडीपर्यंत आलं होतं, पण ते सावलीला सरकले नव्हते. त्यांनी मागं वळून न बघता विचारलं,

"भिजलं का समदं?"

"भिजलं, मामा."

त्यांनी मान हलवली, चपला पायात सरकवल्या, आणि आत्यांना नि भाऊजींना घरी बोलवायला फडाकडं गेले.